डाव्या हाताच्या गाठी

फार वर्षांमागची गोष्ट. समुद्राला अगदी खेटून एक गाव होते. इतके खेटून की मोठ्या भरतीला लाटेचे पाणी अंगणातल्या तुळशीपर्यंत यायचे. त्या गावच्या कोंबड्यांनाही पोहता येते, असे शेजारच्या गावचे लोक चिडवायचे.

या गावाचे पोट एका जाळ्यावर भरायचे. जाळे कुणा एकाचे नव्हते, सगळ्या गावाचे होते. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि पोराबाळांसकट सगळ्यांनी ओढायचे. याला रापण म्हणतात. जी मासळी येईल तिचे घरटी सारखे वाटे व्हायचे.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना हे जाळे नव्याने विणले जाई. त्यासाठी गावात एक छान रीत होती. विणकाम शिकवायला कुणी गुरुजी नव्हता. झावळ्यांच्या मांडवाखाली नवशिकी माणसे एका ओळीत बसत. उजवीकडच्या शेजाऱ्याकडून शिकायचे आणि डावीकडच्याला शिकवायचे. सकाळी जे आपल्याला जमले, ते दुपारपर्यंत पुढे पोचलेले असे. म्हणून या ओळीला नावच होते शेजारओळ.

गावात अशा दोन ओळी होत्या. अर्धे जाळे वरच्या वाडीची ओळ विणायची आणि अर्धे खालच्या वाडीची. कुणी कुठल्या ओळीत बसावे याची सक्ती नव्हती. प्रत्येक ओळीला एक म्होरक्या असे. तोही त्यांच्यातलाच, फार तर चार पावसाळे जास्त बसलेला. त्याने ओळीतून हिंडायचे, कुणाचे अडले तर बघायचे. त्याबद्दल त्याला ना जास्तीचा वाटा, ना मानाचा नारळ.

आणखी एक रीत होती. आपला तुकडा विणून झाला की ज्याने त्याने कोपऱ्यात आपल्या खुणेचा रंगीत दोरा ओवायचा. पुढे वर्षभरात जाळे कुठे फाटले तर आधी दोरा बघायचा. ज्याचा दोरा, त्याने सुई घेऊन धावायचे.

खालच्या वाडीच्या ओळीचा म्होरक्या होता भिवा. विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हात म्हणजे डावा हात, कारण अख्ख्या गावात तो एकटाच डावखुरा होता. त्याची सुई उलट्या बाजूने जायची, गाठीचा पीळही उलटा पडायचा. पण गाठ अशी बसायची की खेकड्याने नांगी लावली तरी सुटू नये.

बोलायची वेळ आली की मात्र भिवाची जीभच गाठीत अडकायची. कुणी नजरेला नजर दिली की तो वाळूकडे बघायचा. त्यामुळे त्याला मित्र असे फारसे नव्हतेच. ओळीचा म्होरक्या झाला तेव्हा पहिल्यांदा नऊ माणसे त्याची वाट बघू लागली. सकाळी तो मांडवात शिरला की "आला रे आला" असे कुणीतरी म्हणायचे आणि भिवाला दिवसभर ते पुरायचे. ही माणसे आपल्याला सोडून जाऊ नयेत, एवढे एकच त्याला वाटे.

ओळीत शेवंती नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. तिची सुई आणि जीभ दोन्ही भरभर चालायच्या. तिच्या डावीकडे बसायचा तातू. तातू चाळिशीचा, माडावर चढून नारळ पाडणारा. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून बायकोने त्याला जाळे शिकायला धाडले होते.

"तातूदादा, ही गाठ आहे की झोपाळा?" शेवंती विचारायची.

"तुला काय करायचंय? मासा झोके घेईल आणि झोपेल. मग पकडायला सोपा."

सगळी ओळ हसायची. भिवाही वाळूकडे बघून हसायचा. पण त्याला दिसत होते की तातूची गाठ खरोखरच सैल पडते. शेवंतीच्या विणीची शेवटची ओळ घाईत ओढली जाते. आणखी दोघांच्या जाळ्याचे डोळे, म्हणजे भोके, लहानमोठे होतात. सांगायला हवे होते. भिवा जवळ जायचा, खाली बसायचा, आणि तातूने वर बघून "कसं काय, म्होरके?" असे विचारले की त्याच्या तोंडून निघायचे, "छान. छान चाललंय."

मग दुपारी सगळे जेवायला घरी गेले की भिवा मांडवात एकटाच थांबायचा. तातूच्या सैल ओळी उसवायचा आणि डाव्या हाताने पुन्हा विणायचा. शेवंतीची घाई निस्तरायचा. मंडळी परत यायच्या आत सुया जिथल्या तिथे ठेवून द्यायचा. कुणाला काही कळले नाही. कुणाला वाईट वाटले नाही. भिवाला वाटले, म्होरक्याने आपल्या माणसांसाठी आणखी काय करायचे असते?

पावसाळा सरत आला. जाळे बघायला म्हातारा तांडेल आला. रापण कधी टाकायची, कधी ओढायची हे गावात तोच ठरवायचा. त्याने खालच्या वाडीचे अर्धे जाळे हातात घेऊन ताणले, वास घेतला आणि म्हणाला, "तीस वर्षांत नवख्यांचं असं जाळं मी पाहिलं नाही. हा लाल दोरा कुणाचा?"

"माझा," तातू म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"नारळवाल्या, कमाल केलीस."

त्या दिवशी तातूने घरी जाताना वाटेतल्या प्रत्येकाला थांबवून ती गोष्ट सांगितली. ज्यांनी आधीच ऐकली होती त्यांनाही सांगितली.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ अर्पण झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ओढ ठरली. सगळा गाव किनाऱ्यावर होता. जाळे निम्मे बाहेर आले असेल नसेल, तेवढ्यात ते पाण्यातल्या खडकात अडकले. ओढणारे ओढत राहिले आणि फर्रकन आवाज झाला. जाळ्याला माणूस जाईल एवढे भगदाड पडले.

"दोरा बघा," तांडेल म्हणाला.

दोरा लाल होता.

तातू सुई घेऊन धावला. गुडघे कुरकुरत होते, पण छाती पुढे होती. कडेला त्याची बायको उभी होती आणि शेजारणीला कोपर मारून सांगत होती, "बघ आता. दोन घटकेत शिवतो की नाही बघ."

तातूने फाटलेल्या कडेवरची पहिली गाठ हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. सुई घातली, ओढली, सूत घसरले. पुन्हा घातली, पुन्हा घसरले. त्याने दुसरी गाठ पाहिली, तिसरी पाहिली. मग तो हळूहळू उठून उभा राहिला.

"ही गाठ माझी नाही," तो म्हणाला. "माझा पीळ उजवीकडे पडतो. हिचा डावीकडे आहे."

शेवंती पुढे झाली. तिने आपला पिवळ्या दोऱ्याचा तुकडा शोधला आणि त्याच्या शेवटच्या ओळीवरून बोट फिरवले. "माझीपण नाही."

मग एकेकाने आपापला दोरा शोधला. कुणाच्या चार ओळी, कुणाच्या दहा. सगळीकडे डावा पीळ. गावात डावखुरा एकच होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले आणि तो वाळूकडे.

"भिवा, तू केलंस हे?" तातूने विचारले.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." भिवा पुटपुटला.

तातूने सुई कमरेला खोचली. "दोन महिने मी बायकोला सांगत होतो, मला जमलं म्हणून," तो म्हणाला आणि बायकोकडे न बघता घराच्या वाटेला लागला.

"आणि तांडेलआबांनी शाबासकी दिली ती कुणाला?" शेवंती म्हणाली. "भिवादादा, आम्ही तुझ्या मांडवात नुसते शोभेला बसलो होतो का रे?"

ते भगदाड शेवटी भिवानेच शिवले. शिवताना त्याच्या शेजारी कुणी नव्हते. शिवून झाल्यावर तांडेल जवळ आला.

"आठ दिवसांनी बांगड्याची झुंड येईल. तेव्हा जाळं चार ठिकाणी फाटेल, पाच ठिकाणी फाटेल. प्रत्येक भोकाला आपापला धावणारा माणूस लागतो, भिवा. या जाळ्याला तू एकटाच आहेस. आठ दिवसांत ते सुधारलंस तर ठीक. नाहीतर तुमचं अर्धं मी वरच्या वाडीच्या ओळीकडे देतो."

दुसऱ्या दिवशी भिवा मांडवात आला. "आला रे आला" असे कुणी म्हणाले नाही. ओळच नव्हती. सगळी माणसे वरच्या वाडीच्या मांडवात जाळ्याची डागडुजी करत बसली होती. तिथला म्होरक्या गणबा मनाने मोकळा आणि हाताने सढळ. तो रोज दुपारी ओळीला नारळाचे लाडू वाटायचा आणि येताजाता प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून "वा रे वाघा" म्हणायचा. एकटा तातू तिथे गेला नव्हता. तो पुन्हा माडावर चढू लागला होता.

भिवाला काय करावे सुचेना. त्याने परसातला केळ्यांचा घड उतरवला आणि वरच्या वाडीच्या मांडवाबाहेर नेऊन ठेवला. शेवंती बाहेर आली. तिने एक केळे सोलले, खाल्ले आणि म्हणाली, "केळी गोड आहेत. पण आम्ही लाडवांसाठी आलो नाही, तर केळ्यांसाठी परत येऊ का?"

"मग कशासाठी गेलात?" भिवाने कसेबसे विचारले.

"इथे निदान माझी चूक माझ्याजवळ राहते," ती म्हणाली आणि आत गेली. जाताना आणखी दोन केळी घेऊन गेली.

भिवा किनाऱ्यावर जाऊन बसला. आपण दुपारी एकट्याने का विणत होतो, याचा त्याने खूप विचार केला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, हे खरे होते. पण सगळे खरे नव्हते. समोरच्याच्या तोंडावर 'तुझी गाठ सैल आहे' एवढे चार शब्द बोलायची त्याला भीती वाटत होती. ती भीती लपवायला त्याने दोन महिने दुसऱ्यांच्या जाळ्यात हात घातला होता.

मग भिवाने एक गोष्ट केली. इकडेतिकडे कुणी नाही असे बघून तो एका खेकड्यासमोर बसला आणि म्हणाला, "तुझी गाठ सैल आहे." खेकडा बिळात गेला. त्याने दुसरा खेकडा शोधला. दुसराही गेला. पाचव्या खेकड्यापर्यंत त्याचा आवाज बराच सुधारला होता.

तिथून उठला तो थेट तातू नारळ पाडत होता त्या बागेत गेला. तातू उंच माडाच्या शेंड्यावर होता. खाली दोनतीन बायका नारळ गोळा करत होत्या. त्यांत त्याची बायकोही होती.

"तातूदादा, खाली ये. बोलायचंय."

"मला नाही बोलायचं," वरून आवाज आला. "तुला बोलायचं असेल तर तिथूनच बोल."

भिवाने बायकांकडे पाहिले, वाळूकडे पाहिले आणि मग मान मागे टाकून वर पाहिले. माडाची उंची बरीच होती. हळू बोलून चालणार नव्हते.

"तातूदादा, तुझी गाठ सैल आहे."

"काय?"

"तुझी गाठ सैल आहे." आता अर्ध्या वाडीला ऐकू गेले. "पहिल्या दिवसापासून सैल आहे."

झावळ्यांतून तातूचे डोके बाहेर आले. "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"मला लाज वाटायची."

"ऐकू येत नाही."

"लाज वाटायची मला," भिवा ओरडला. "वाटायचं, सांगितलं तर तू रागावशील आणि जाशील."

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तातूची बायको वर बघून म्हणाली, "अहो, पोराचा घसा बसेल. उतरा की."

तातू सावकाश खाली उतरला. दोन्ही गुडघ्यांनी आपापली तक्रार केली. खाली आल्यावर त्याने भिवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "गाढवा," तो म्हणाला, "दोन महिन्यांपूर्वी सांगितलं असतंस तर एक दिवस रागावलो असतो आणि एकोणसाठ दिवस शिकलो असतो. आता सांग, सैल का पडते?"

भिवाने तातूच्या पायाकडे पाहिले. माडावर चढताना पायात अडकवायचा दोर अजून तिथेच होता. "हा दोर तू कसा आवळतोस?"

"कसा म्हणजे? जीव टांगलेला असतो त्याच्यावर. करकचून."

"आणि जाळ्याचं सूत?"

तातूने डोके खाजवले. "ते बारीक दिसतं रे. तुटेल असं वाटतं."

"नाही तुटत. पायातल्या दोरासारखं ओढ."

तातूने खिशातून सूत काढले, माडालाच एक गाठ मारली आणि ओढली. मग पुन्हा ओढली. गाठ जागची हलली नाही. त्याने ती आधी बायकोला दाखवली, मग शेजारणींना, मग कुत्र्यालाही दाखवली.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून वरच्या वाडीच्या मांडवात गेले. भिवा ओळीसमोर उभा राहिला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "मी माझ्या हातचं सगळं उसवून टाकणार आहे. सहा दिवस आहेत. ज्याचा दोरा त्याने विणायचं. ज्याचं जे चुकेल ते मी तोंडावर सांगेन. सुईला हात लावणार नाही."

"मला आत्ता सांग," शेवंती म्हणाली. "माझं काय चुकतं?"

भिवाने तिच्या नजरेला नजर दिली. "शेवटची ओळ आली की तू सुईच्या आधी घरी पोचतेस."

सगळा मांडव हसला. गणबाही हसला. शेवंतीने नाक मुरडले, आपली सुई उचलली आणि चटई काखेत मारली. "चला," ती म्हणाली. तिच्यामागोमाग सगळे उठले. गणबाने वाटेत खायला म्हणून लाडू बांधून दिले.

ते सहा दिवस मांडवात नुसता गलका होता. भिवा ओळीतून हिंडायचा आणि बोलायचा. कुणाच्या गाठीला हात शिवशिवलाच तर तो खाली बसून डावा हात मांडीखाली दाबून धरायचा. "म्होरक्याचा हात कोंबडीसारखा अंड्यावर बसलाय," असे तातू सगळ्यांना सांगायचा. पण आता मजा अशी झाली की भिवा एकदा सांगायचा आणि ओळ ते पुढे न्यायची. तातूला दोर आवळायची युक्ती कळली, ती त्याने डावीकडच्याला दिली. त्याने पुढच्याला दिली. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळीच्या गाठी माडावर चढणाऱ्यासारख्या आवळल्या जात होत्या.

जाळे वेळेत झाले. आधीइतके देखणे मात्र झाले नाही. तांडेलाने ते ताणले, कुठे कुठे भुवई उडवली आणि "ठीक" एवढेच म्हणाला.

आणि बांगडा आला. समुद्राचा रंग बदलला, पाखरांनी आभाळ भरले, सगळा गाव दोराला लागला. जाळे इतके जड झाले की बायकामाणसे, पुरुषमाणसे वाळूत रुतून ओढत होती. मध्येच तीन डोळे सुटले. पाठोपाठ दुसरीकडे चार डोळे उसवले आणि मासळी निसटू लागली.

"पिवळा दोरा," कुणीतरी ओरडायच्या आत शेवंती कमरेइतक्या पाण्यात होती. "लाल," असे ऐकू आले तेव्हा तातू दातात सुई धरून पाण्यात शिरला होता. आपली गाठ आपल्या बोटांना कळत होती. पाण्याखाली न बघताही कळत होती. शेवंतीने तीन डोळे बांधले. तातूने दोन बांधले, तिसऱ्यातून एक बांगडा त्याच्या नाकावर शेपटी मारून गेला. निळ्या दोऱ्याचा माणूस बोलावल्याशिवाय आला, हिरव्याचाही आला. भिवा दोर धरून किनाऱ्यावर उभा होता आणि मोठमोठ्याने रंग सांगत होता. त्याचा आवाज इतका मोठा आहे, हे गावाला त्या दिवशी कळले.

काही मासळी सुटली, ती सुटली. जी आली ती टोपल्यांत मावेना. त्या दिवशी सगळ्या गावात एकच वास होता आणि तो सगळ्यांना आवडत होता.

वाटे घेताना गणबाने तातूला गाठले. "पुढच्या पावसाळ्यात माझ्याकडे ये की. लाडूही मिळतील, शाबासकीही मिळेल."

"लाडू तुझे फक्कड असतात," तातू म्हणाला. "पण गणबा, माझी गाठ सैल आहे हे सांगायला तुझ्याकडे कुणी माडाखाली उभं राहून ओरडणार आहे का?"

त्या दिवसापासून लाडू वाटताना गणबाने लोकांची जाळीही हातात घेऊन बघायला सुरुवात केली.

पुढचा पावसाळा आला. नवी चटई कुठे टाकायची ते ज्याचे त्याने ठरवायचे होते. भिवा मुद्दामच उशिरा निघाला, कारण रिकामा मांडव बघायचा त्याला धीर होत नव्हता. तो पोचला तेव्हा मांडव रिकामा नव्हता. नऊच्या नऊ जण बसले होते आणि आणखी सहा जणांनी दाटीवाटी करून चटया टाकल्या होत्या. ओळ मांडवाबाहेर जाऊन फणसाला वळसा घालत होती.

भिवा गुपचूप आपल्या जागेवर बसला आणि विणू लागला. थोड्या वेळाने शेवंती चटईवरून उठली, त्याच्यामागे येऊन उभी राहिली आणि वाकून बघू लागली.

"भिवादादा, रागावू नकोस," ती म्हणाली. "तुझी तिसरी ओळ आखडली आहे. डोळे लहान पडलेत."

सगळी ओळ थांबून बघू लागली. भिवाने जाळे उजेडात धरले, एकेक डोळा मोजला. खरेच लहान पडले होते. त्याला इतका आनंद झाला की काही केल्या तो लपवता येईना.

"उसवतो," तो म्हणाला, आणि तिला बसायला बाजूला जागा करून दिली. "बस इथे. कुठून आखडली ते दाखव मला."

तात्पर्य: सोबत्याची चूक त्याच्या माघारी सुधारली तर काम होते, पण सोबती हरवतो. चूक प्रेमाने तोंडावर सांगणारा आणि आपली चूक तशीच ऐकून घेणारा म्होरक्या मिळाला, तर माणसे त्याची ओळ सोडत नाहीत.